हकीम इब्ने नफीस (रह.) आणि हृदयातील भिंत

वाचकहो, आपल्या नात्यागोत्यात किंवा शेजारी एखाद्या तान्ह्या बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि सारे घर हवालदिल झाले, असा प्रसंग आपण कधी तरी पाहिला असेल. हृदयाचा उजवा आणि डावा भाग वेगळा करणारी एक जाड मांसल भिंत असते. तिला मोठे भोक राहिले तर दोन्हीकडचे रक्त एकमेकांत मिसळते, बाळाला धाप लागते, त्याचे वजन वाढत नाही. ही भिंत अखंड असणे हीच निरोगी हृदयाची खूण होय, हे आज शाळकरी मुलालाही समजते. परंतु एके काळी जगातील थोर वैद्य नेमके याच्या उलट शिकवीत होते. प्रत्येक माणसाच्या हृदयातील या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांतूनच रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे त्यांचे मत होते. हे मत हजार वर्षे चालले. ते खोडून काढणारे, आज ज्यांचे लेखन आपल्या हाती आहे असे पहिले गृहस्थ म्हणजे दमिश्कमध्ये शिकलेले एक मुसलमान हकीम होते. शाफई फिकहचे ते शिक्षक आणि हदीसशास्त्राचे अभ्यासकही होते. त्यांचे नाव अलाउद्दीन अली इब्ने अबिल हज्म अल-कर्शी. जग त्यांना इब्ने नफीस या नावाने ओळखते.

त्यांचा जन्म हिजरी ६०७ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२१० च्या आसपास, शाम देशात झाला. बालपणाविषयी फारसे लिहिण्याजोगे काही नाही. त्यांची खरी हकीकत सुरू होते ती दमिश्कच्या नूरी शिफाखान्यापासून.

हा शिफाखाना सुलतान नूरुद्दीन जंगी यांनी इ.स. ११५४ मध्ये बांधला. त्याची इमारत आजही दमिश्कमध्ये उभी आहे. आपण त्याची कल्पना केवळ खाटांचे दालन अशी करू नये. तेथे ज्येष्ठ हकीम प्रथम रुग्णांची पाहणी करीत, औषध व आहार लिहून देत आणि मग मोठ्या दालनात बसून शिष्यांसमवेत ग्रंथ वाचीत, तासन्‌तास चर्चा करीत. रुग्णाची खाट आणि ग्रंथाचे पान यांत तेथे अंतर नव्हते. इब्ने नफीस यांना येथे मुहज्जबुद्दीन अद-दखवार यांच्यासारखे गुरू लाभले. अखेरच्या काळात या गुरूंची वाणी गेली, तरी ते पाटीवर लिहून शिकवीत राहिले. इ.स. १२३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा आपले राहते घर त्यांनी वैद्यकाच्या मदरशासाठी वक्फ केले होते. हे घर आपण लक्षात ठेवावे. शिष्याच्या चरित्रात त्याची आठवण पुन्हा होणार आहे.

पुढे इब्ने नफीस इजिप्तमध्ये आले व काहिरा येथे स्थायिक झाले. ते दिवस मोठे बिकट होते. इ.स. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. दोनच वर्षांनी ऐने जालूतच्या रणात त्यांना रोखले गेले नसते तर काहिराही वाचले नसते. अशा काळात हा माणूस रुग्ण तपासीत होता, ग्रंथ लिहीत होता आणि मसरूरिया मदरशात शाफई फिकह शिकवीत होता. कालांतराने ते इजिप्तच्या वैद्यांचे प्रमुख झाले. शाफई विद्वानांच्या चरित्रकोशात इमाम सुबकी (रह.) यांनी त्यांची नोंद घेतली आहे, ती केवळ हकीम म्हणून नव्हे, तर मजहबचे आलिम म्हणून. हदीसच्या मूलतत्त्वांवर त्यांचे पुस्तक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्राविषयी कथेच्या रूपाने लिहिलेली त्यांची एक पुस्तिकाही आहे. निर्जन बेटावर एकटाच वाढलेला एक माणूस केवळ विचाराच्या बळावर सृष्टीच्या निर्मात्यापर्यंत आणि प्रेषितत्वाच्या आवश्यकतेपर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी त्यात दाखविले. बुद्धी आणि दीन यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही.

त्यांच्या लेखनाची पद्धत चरित्रकारांनी मोठ्या कौतुकाने नोंदविली आहे. लिहायला बसण्यापूर्वी त्यांच्यासाठी पुष्कळ बोरू तासून ठेवले जात. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि कोणताही ग्रंथ न उघडता स्मरणातून लिहीत सुटत. एक बोरू बोथट झाला की तो टाकून दुसरा घेत, तासण्यात वेळ दवडीत नसत. एकदा ते हमामात स्नान करीत होते. अर्ध्या स्नानातच ते बाहेर आले, दौत, लेखणी व कागद मागविला, नाडीविषयीचा एक लेख तेथेच पूर्ण केला आणि मग आत जाऊन उरलेले स्नान केले! वैद्यकाचा ‘अश-शामिल’ हा महाग्रंथ त्यांनी ३०० खंडांचा योजला होता. त्यांपैकी ८० खंड पूर्णत्वास गेले.

रुग्णावर उपचार करताना मात्र ते फार जपून वागत. आहाराने भागत असेल तर औषध देत नसत, आणि साध्या औषधाने भागत असेल तर मिश्र औषध देत नसत. त्यांच्या अशा चिठ्ठ्यांना एक अत्तार कंटाळला होता. असेच लिहून द्यायचे असेल तर खाटकाच्या दुकानी जाऊन बसावे, माझ्याकडे बसायचे असेल तर शरबत, साखर आणि औषधेच लिहावीत, असे त्याने त्यांना सुनावल्याचे सांगतात. आजच्या औषधांच्या दुकानांतील गर्दी पाहून हा प्रसंग पुनःपुन्हा आठवतो.

आणखी एक रात्र सांगण्यासारखी आहे. इशाच्या नमाजनंतर काझी जमालुद्दीन इब्ने वासिल या नामवंत विद्वानाबरोबर त्यांची चर्चा सुरू झाली आणि ती फजरपर्यंत चालली. काझी साहेब मध्येच तापत, त्यांचा आवाज चढे, डोळे लाल होत. इब्ने नफीस मात्र शांतपणे एकेक मुद्दा मांडीत राहिले. पहाटे काझी साहेबांनीच मोठ्या मनाने कबूल केले की आपल्याजवळ काही मुद्दे व नियम आहेत, पण समोरच्याजवळ ज्ञानाचे खजिने आहेत. वाद कसा करावा आणि हार कशी मानावी, या दोन्ही गोष्टी त्या एका रात्रीत आहेत.

आता मूळ विषयाकडे येऊ. हा वाद हृदयाविषयीचा होता आणि समोर कोणी एक काझी नव्हते. एका बाजूला युनानी वैद्य जालीनूस होते, ज्यांचा शब्द वैद्यकात हजार वर्षे प्रमाण होता. दुसऱ्या बाजूला इब्ने सीना होते, ज्यांचा ‘अल-कानून’ हा ग्रंथ इब्ने नफीस यांनी स्वतः अभ्यासला होता, शिकविला होता आणि ज्यावर ते भाष्य लिहीत होते.

जालीनूस यांच्या पद्धतीनुसार शरीराचा कारभार असा चाले. पोटात पचलेले अन्न यकृतात जाते व तेथे त्याचे रक्त बनते. हे रक्त शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाते आणि तेथेच खर्ची पडते, जसे पाटाचे पाणी शेतात जिरते. त्यातील काही भाग हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतो, मधल्या भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपतो, तेथे फुफ्फुसांतून आलेल्या हवेशी मिसळतो आणि त्यापासून प्राणतत्त्व तयार होऊन धमन्यांवाटे देहभर पसरते. आपल्या हकिमांकडे जिला ‘रूहे हैवानी’ म्हणतात, ती हीच. ही मांडणी अतिशय सुबक होती. तिच्यात एकच उणीव होती: ती छिद्रे कोणी पाहिलेली नव्हती. डाव्या बाजूला रक्त पोहोचते हे तर उघड होते, आणि दुसरी वाट ठाऊक नव्हती, म्हणून छिद्रे असलीच पाहिजेत असे मानले गेले. इब्ने सीना यांनीही हृदयाचे वर्णन करताना ही वाट कायम ठेवली, शिवाय हृदयाला तीन कप्पे असल्याचे म्हटले.

इब्ने नफीस यांनी ‘अल-कानून’ मधील शरीररचनेच्या भागावर वेगळे भाष्य लिहिले. त्याची इ.स. १२४२ मध्ये नकललेली एक प्रत आजही अस्तित्वात आहे. म्हणजे हे लेखन झाले तेव्हा त्यांचे वय फार तर तीस-बत्तीस वर्षांचे असेल. या भाष्यात इब्ने सीना यांच्या हृदयाच्या वर्णनाशी येऊन ते थांबतात आणि स्पष्ट सांगतात की हे बरोबर नाही. हृदयाला कप्पे दोनच आहेत. त्यांच्यामधील भिंत इतर भागांपेक्षा जाड व घट्ट आहे. तिच्यात दिसणारी छिद्रे नाहीत आणि न दिसणारीही नाहीत. मग रक्त डावीकडे जाते कसे? ते उजव्या कप्प्यातून निघते, मोठ्या रक्तवाहिनीने फुफ्फुसांत जाते, तेथे पसरते, हवेशी मिसळते, आणि दुसऱ्या रक्तवाहिनीने हृदयाच्या डाव्या कप्प्यात परत येते. या दोन रक्तवाहिन्यांची रचना वेगळी का, याचाही त्यांनी विचार केला. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीची भिंत दुपदरी व मजबूत आहे, कारण तिच्यातून रक्ताचा फक्त तलम अंश बाहेर पडावा. परत येणारी पातळ आहे, कारण तिला तो अंश सहज आत घेता यावा. या दोहोंमध्ये सूक्ष्म मार्ग असले पाहिजेत, असेही त्यांनी नमूद केले. खुद्द हृदयाचे पोषणही त्याच्या मांसात पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होते, असे त्यांनी लिहिले. त्याच रक्तवाहिन्या तुंबल्या की आज आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

वाचकहो, आता आपला उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवा. आपल्या मुठीएवढे आणि जेमतेम ३०० ग्रॅम वजनाचे हे स्नायूंचे यंत्र मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाला एक लाख वेळा आकुंचन पावते. आज आपण त्याचे चार कप्पे मोजतो, कारण वरचे दोन छोटे कप्पेही हिशेबात धरतो. शरीरभर फिरून प्राणवायू देऊन आलेले काळपट रक्त उजव्या बाजूला जमते. तेथून ते फुफ्फुसांत जाते. फुफ्फुसांत वायूच्या ३० कोटींहून अधिक चिमुकल्या पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे विणलेले असते. हवा आणि रक्त यांच्यामध्ये इतका तलम पडदा असतो की प्राणवायू आत येतो, दूषित वायू बाहेर जातो, पण रक्त सांडत नाही. उजळ लाल झालेले रक्त डाव्या बाजूला परतते आणि तेथून जोराने सर्व शरीराकडे निघते. प्रौढ माणसाच्या देहात रक्त सुमारे ५ लिटर असते आणि विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला जवळपास तेवढेच रक्त पुढे ढकलते. म्हणजे हा परिच्छेद वाचून होईतो आपले सारे रक्त इब्ने नफीस यांनी सांगितलेल्या वाटेने एक फेरी मारून आले आहे.

मातेच्या उदरातील बाळाची गोष्ट निराळी असते. त्याची फुफ्फुसे श्वास घेत नाहीत, प्राणवायू त्याला मातेकडून मिळतो. म्हणून अल्लाहने त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक तात्पुरती खिडकी ठेवली आहे, जेणेकरून बरेचसे रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जावे. बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, फुफ्फुसे फुलतात, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि त्या खिडकीचे झडपेसारखे दार आपोआप लागते. पुढे ते बहुतेकांच्या बाबतीत कायमचे जुळून जाते. पहिल्या श्वासाच्या क्षणी हे दार लावायला तेथे कोणता वैद्य असतो?

एक प्रश्न आपल्या मनात आला असेल. इब्ने नफीस यांनी मृतदेह उघडून पाहिला होता काय? भाष्याच्या प्रारंभी ते स्वतःच लिहितात की शरीअतचा आदर आणि स्वभावातील दया यांमुळे आपण शवविच्छेदन केलेले नाही, अवयवांच्या आकारासाठी पूर्वीच्या लेखकांवर, विशेषतः जालीनूसवर, आपण विसंबतो. पुढे मात्र छिद्रांची कल्पना विच्छेदनाने खोटी ठरते, असे ते ठामपणे म्हणतात. अभ्यासकांत यावरून मतभेद आहेत. काहींना वाटते की त्यांनी निदान प्राण्यांची हृदये तरी तपासली असावीत. मला त्यांच्या युक्तिवादाचा क्रमच अधिक महत्त्वाचा वाटतो. भिंत जाड आहे हे मान्य, रक्त डावीकडे पोहोचते हे मान्य, फुफ्फुसाकडे जाणारी वाहिनी फुफ्फुसाच्या पोषणाच्या मानाने फार मोठी आहे हे दिसतेच. मग ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून छिद्रे का मानावीत?

इब्ने सीना यांच्याशी मतभेद व्यक्त करताना त्यांनी त्यांचा अनादर केला नाही. ‘अल-कानून’ लोकांनी वाचावा म्हणून आयुष्यभर खपलेल्या या माणसाने त्याच ग्रंथातील चूक त्याच ग्रंथाच्या भाष्यात दाखविली. फिकहच्या दालनात त्यांना हे नवीन नव्हते. तेथे शिष्य गुरूच्या मताविरुद्ध दलील आणतो, आणि गुरू ती ऐकतो. आपल्या घरांत आणि संस्थांत वडीलधाऱ्यांच्या एखाद्या मताला पुराव्यानिशी हरकत घेतली की ती बेअदबी ठरते. इब्ने नफीस यांच्या मदरशात तसे समजत नसत.

येथे थोडे सावध होणेही गरजेचे आहे. अशा विषयांवर बोलताना छाती फुगवून सर्व शोध आमचेच, असे म्हणण्याची सवय आपल्यात बळावली आहे. इब्ने नफीस यांना सर्व काही उमगले नव्हते. रक्त यकृतात बनते हे मत त्यांनी सोडले नाही. रक्त सर्व शरीरातून फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी सांगितली ती फेरी हृदयापासून फुफ्फुसांपर्यंत व परत हृदयापर्यंत. जेवढे त्यांनी सांगितले तेवढे त्यांच्या आधीच्या कोणत्याही उपलब्ध ग्रंथात नाही, आणि त्यांचा मान राखायला तेवढे पुरेसे आहे.

वृद्धापकाळी त्यांनी एक मोठे काम पाहिले. सुलतान कलावून सत्तेवर येण्यापूर्वी दमिश्कमध्ये आजारी पडला असता नूरी शिफाखान्यातील औषधांनी बरा झाला होता, आणि अल्लाहने सत्ता दिली तर असाच शिफाखाना बांधीन असा त्याने नवस केला होता. इ.स. १२८४ च्या सुमारास काहिरात मन्सूरी शिफाखाना उभा राहिला. तापाचे, डोळ्यांचे, शस्त्रक्रियेचे रुग्ण वेगळे, स्त्रियांची व्यवस्था वेगळी, आणि श्रीमंत-गरीब सर्वांना उपचार विनामूल्य. दमिश्कच्या ज्या शिफाखान्यात इब्ने नफीस विद्यार्थी म्हणून वावरले होते, त्याच्याच पुण्याईने उभे राहिलेले हे घर त्यांच्या डोळ्यांदेखत रुग्णांनी भरले.

हिजरी ६८७ च्या जिल्काद महिन्यात, म्हणजे डिसेंबर १२८८ मध्ये, ते आजारी पडले. आजार सहा दिवसांचा होता. सोबतच्या हकिमांनी उपचार म्हणून थोडे मद्य घेण्याचा सल्ला दिला. तेव्हाच्या वैद्यकात तो रूढ उपाय होता, आणि इतकी वर्षे फिकह शिकविलेल्या या हकिमाला लाचारीच्या वेळच्या सवलतींचे नियम कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी नकार दिला. पोटात मद्य घेऊन अल्लाहपुढे हजर होण्याची त्यांची तयारी नव्हती. शुक्रवारी त्यांची प्राणज्योत मालवली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. आपले घर आणि आपला सारा ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी शिफाखान्याला वक्फ केला होता. दमिश्कच्या गुरूंनी जे केले, तेच काहिरात शिष्याने केले.

त्यांच्या शोधाची पुढची कहाणी सुखाची नाही. इटलीचा अँड्रिया अल्पागो हा वैद्य दमिश्कमध्ये सुमारे तीस वर्षे राहिला. इब्ने नफीस यांच्या ‘अल-कानून’वरील भाष्याचा काही भाग त्याने लॅटिनमध्ये आणला व तो इ.स. १५४७ मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला. हृदयाचा उतारा त्यात नव्हता. त्यानंतर सहाच वर्षांनी मायकेल सर्व्हेटस याने आणि १५५९ मध्ये रेआल्डो कोलंबो याने फुफ्फुसांतून जाणारी हीच वाट मांडली. त्यांच्यापर्यंत काही ऐकीव माहिती पोहोचली होती की त्यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, याचा वाद मिटलेला नाही. इ.स. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी साधा हिशेब मांडला. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर फेकते, तेवढे अन्नापासून नव्याने बनणे अशक्य आहे, म्हणून तेच रक्त फिरत असले पाहिजे. आणि १६६१ मध्ये माल्पिघी यांनी बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक मार्ग प्रत्यक्ष पाहिले, ज्यांचा अंदाज काहिराच्या हकिमाने चारशे वर्षांपूर्वी केला होता.

आणि आपण? इब्ने नफीस आपल्या हिंदुस्थानात अनोळखी नव्हते. ‘अल-कानून’चा त्यांनी केलेला ‘मूजज’ हा संक्षेप येथील तिब्बी मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. इ.स. १८२८ मध्ये तो कलकत्त्यात छापलाही गेला. त्यावरील टीका पाठ करणारे हकीम घरोघर होऊन गेले. परंतु या संक्षेपात ‘अल-कानून’चे बाकी सर्व भाग आहेत, शरीररचनेचा व अवयवांच्या कार्याचा तेवढा नाही. म्हणजे त्यांचे नाव घेऊन नाडी पाहणारे आपले हकीम हृदयाविषयी जालीनूसचेच मत बाळगून राहिले. ज्या भाष्यात ते मत खोडले होते, त्याच्या प्रती ग्रंथालयांच्या कपाटांत पडून होत्या. त्यांतील एक बर्लिनमध्ये होती. मुहियुद्दीन अत-ततावी हा इजिप्तचा तरुण जर्मनीत वैद्यक शिकत होता. त्याने ती उघडून वाचली, हृदयाच्या पानाशी येऊन तो थबकला, आणि १९२४ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाला त्याने आपला प्रबंध त्याच विषयावर सादर केला. त्या पानावरील शाई तोपर्यंत जगाने विचारातच घेतलेली नव्हती.